जैबुन्निसाची हंडी आणि नाखवाची भरती

रेवदंड्यात जैबुन्निसाच्या हातच्या कोंबडीला नावं ठेवणारा माणूस जन्माला यायचा होता. पण तिच्या चुलीपुढे वाट बघून वैतागला नाही, असाही कोणी नव्हता! बाई भलती काटेकोर. कोंबडी साफ करायची ती मागच्या माडाखाली, विहिरीपासून लांब. तिची सुरी वेगळी, पाट वेगळा. त्या पाटावर कोणी कांदा चिरला, तर कांदा थेट उकिरड्यावर. राखेने हात घासल्याशिवाय पाण्याच्या मडक्याला शिवायचं नाही. आणि हाडाजवळची लाली जाईपर्यंत हंडी उतरायची नाही. कोणी घाई केली की तिचा एकच शब्द, "थांबा!"

तीस-एकतीस साली तिच्या भावाच्या, सिराजुद्दीनच्या, मुलीला, रेहानाला, मुरूडहून स्थळ आलं. रेहानाची आई बाळंतपणातच गेलेली. पोर वाढली ती या फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, कडेवर. हे स्थळ जमावं म्हणून जैबुन्निसाने दुआ मागून मागून अल्लाला भंडावून सोडलं होतं. मुलाचे वडील अब्दुस्समद म्हणजे स्वतःच्या गलबताचे नाखवा. भरती साधायची म्हणून सख्ख्या भावाच्या लग्नाच्या मेजवानीतून, वलीम्यातून, अर्ध्या जेवणावरून उठलेला माणूस!

ठरल्या दिवशी बापलेक गलबताने मुलगी बघायला आले. रिवाज असा, की पाहुण्यांनी उंबरा ओलांडल्यावरच कोंबडा हलाल करायचा. आधीच कापून ठेवला तर त्यांचा मान काय राहिला? आणि सिराजुद्दीनने मानाचा म्हणून निवडला कोणता, तर आळीतला सगळ्यात थोराड, म्हातारा कोंबडा. हंडी रटरटतेय, वासाने घर भरलंय, चुलीत करवंट्यांवर करवंट्या पडताहेत, पण तो बेटा शिजायचं नाव घेईना!

सिराजुद्दीनच्या आतबाहेर खेपा चालल्या होत्या. शेवटी तो रडकुंडीला आला. "आपा, भरती उतराय लागली. नाखवा टोपी घालून उभं र्‍हायलं. आता वाढ, न्हाय तर पोरीचं लगीन गेलं समज!"

लाडक्या पोरीपुढे नियम कसले? जन्मात पहिल्यांदा जैबुन्निसाने न बघताच हंडीत डाव घातला.

तो डाव मेंदीच्या हाताने धरला. नटूनथटून बसलेली रेहाना चुलीशी आली होती. तिने तंगडीच्या सांध्यात सुरीचं टोक घातलं. गुलाबी पाणी आलं.

"फुफी, थांबा!" ती चांगली मोठ्याने म्हणाली. "हाडाशी अजून लाल हाय."

"आगो, ते जातील!"

"जाऊ देत. कच्चं खाऊन भर दर्यात आजारी पडले तर कोण बघील?"

सिराजुद्दीनने डोक्याला हात लावला. मग पडद्यापलीकडून नाखवांचा खर्जातला आवाज आला, "वहाब, बेटा, तांडेलाला सांग, नांगर उचलू नको. आज आपण भरती चुकवतो."

काय आनंद झाला त्या घरात! मांस हाडावरून सुटलं तेव्हाच ताटं वाढली गेली. नाखवांनी तीनदा मागून घेतलं आणि बोटं चाटत म्हणाले, "गलबतावर थांबा म्हणणारा मी हाय. घरात कोणी नव्हतं. ही पोर आमची."

लग्न झालं. रेहानाच्या बोचक्यात जैबुन्निसाने आपली ती वेगळी सुरी आणि पाट बांधून दिला. बंदरावर शीड वर चढलं, तसा तो एकच शब्द तिच्या ओठांवर आला. पण भरती ऐन भरात होती आणि पोर हसत होती. जैबुन्निसाने तो शब्द गिळला आणि गलबत दिसेनासं होईपर्यंत ओढणी हलवत राहिली.