व्हिक्टर मोरांदेलचा माग

ओदिल शार्वें छत्तीस वर्षं ल्योंच्या गुलाबबागेत झाडांच्या पाट्या लिहीत आली होती, आणि आता तिचे गुडघे, डोळे, सगळंच कुरकुरत होतं. निवृत्तीला आठवडा उरला होता. 'वेझची पहाट' या फिक्या गुलाबी वाणाची कायमची इनॅमलची पाटी शुक्रवारी भट्टीत जायची होती, आणि तो वाण तयार करणारा माणूस काही केल्या सापडत नव्हता. पुस्तकं म्हणत होती, व्हिक्टर मोरांदेल. नऊ वर्षं ओदिल त्याच्या मागावर होती. जन्माची नोंद नाही, लग्नाची नाही, कबरसुद्धा नाही. मेल्याचा आता तिला रागही येईनासा झाला होता.

शेवटी ल्योंच्या वेझ भागातच त्र्याहत्तर वर्षांचे आन्सेल्म मोरांदेल भेटले. त्यांनी कॉफी दिली आणि तिचा प्रश्न ऐकून ते हसले.

"व्हिक्टर? बाई, आमच्या घरात या नावाचं कुत्रंसुद्धा नव्हतं. तो गुलाब माझ्या आईचा."

त्यांनी कपाटातून बत्तीस सालची रोपांची छापील यादी काढली. वर मोठा 'व्ही', त्याच्या डोक्याशी दोन बारीक अक्षरं, मग मोरांदेल. नवऱ्यामागे धंदा चालवणारी बाई त्याच्या आडनावाआधी 'व्हव्ह', म्हणजे विधवा, हा फ्रेंच शब्द असाच आखडून लावायची. तशी रीतच होती.

ओदिलने कप खाली ठेवला. बासष्ट साली, नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात, या झाडाची जस्ताची पाटी तिनेच लिहिली होती. पाटी बोटभर, बारीक अक्षरं बसेनात, म्हणून तिने ती गाळून टाकली. पुढे कुण्या पुस्तकवाल्याने ती पाटी पाहून 'व्ही'चा व्हिक्टर केला, आणि बाकीच्यांनी तोच उतरवून घेतला. नऊ वर्षं ती आपल्याच चुकीमागे वणवण करत होती.

"ती पाटी मी लिहिलेली," ती म्हणाली. तिला लाज वाटली, पण लाजायचंही त्राण उरलं नव्हतं.

"आईने पाहिली होती ती," आन्सेल्म म्हणाले. "एका रविवारी मीच नेलं होतं तिला. म्हणाली, लग्नात नाव गेलं, आता विधवापणही काढून घेतलं यांनी."

"रागावल्या?"

"छे. झाडावरचं एक वाळकं फूल खुडलं आणि म्हणाली, चल घरी."

ओदिलने वही उघडली. "नाव काय त्यांचं? त्यांचं स्वतःचं."

"फिलोमेन." आन्सेल्मनी यादी तिच्यापुढे सरकवली. "पण बाई, एवढं मोठं नाव मावेल का?"

"नाही मावलं तर पाटी मोठी करू," ओदिल म्हणाली.