ताम्हनातला दगड

बस्तरकडच्या त्या गुहेत शिरताना म्हाताऱ्या वाटाड्याने पेट्रोमॅक्स वर धरून बजावलं होतं, "बाबूजी, हाथ मत लगाना. ये पत्थर अभी बढ़ रहा है." गुहा सरकारी संरक्षणातली होती आणि इतकी मोठी, की तो उजेड छतापर्यंत पोचेना. जिथे पोचला तिथे चुनखडीच्या खांबांवर स्फटिक साखरेसारखे चमकत होते. आम्ही पुढे गेलो. काका मागे रेंगाळले.

काका बँकेत अधिकारी. उज्जैनला परतल्यावर फ्रीगंजच्या त्यांच्या घरात त्यांनी टॉवेल उलगडला, तर आत वीतभर उंच दगड. खालून तोडलेला.

"काका, हा चोरीचा आहे."

"अगं, तिथे हजारो आहेत. बापासारखी पत्रकं वाटत बसू नकोस."

बाबा बंद पडलेल्या गिरणीच्या कामगारांसाठी पत्रकं लिहीत. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्याच कोऱ्या बाजूंवर.

दगड पिंडीसारखा दिसायचा, म्हणून काकूने तो देवघरात ताम्हनात बसवला. दर सोमवारी अभिषेक. महिनाभराने काकांनी हसत हसत सांगितलं, "तिकडच्या शाखेतून फोन होता. तोडलेल्या खांबाचा बुंधा सापडला म्हणून त्या म्हाताऱ्यालाच चोर ठरवून काढलं म्हणे. बरं झालं, फार टोकायचा."

त्या हसण्याची शिक्षा द्यायची, हे मी तिथेच ठरवलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चुनखडीवर आम्ल टाकलेलं मी पाहिलं होतं.

"काकू, दही-तुपाने पिंडी मेणचट झालीय. लिंबू पिळून ठेव, पितळेसारखी उजळेल."

लिंबू पडलं आणि दगडावर फेस आला.

"अहो, इकडे या! देव श्वास घेतोय!"

श्रावणात शेजारी रांग लावू लागले. "भाईसाहब, आप तो धन्य हो गए," असं कुणी म्हटलं की काका मान तुकवायचे. मी ताम्हनात आणखी एक लिंबू पिळायचे. स्फटिक पांढरे, आंधळे झाले. मला आनंद होत होता.

भाद्रपदात मी पत्रक लिहून बाबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. "शिव्या छान आहेत. पण म्हाताऱ्याची नोकरी? तो दगड वनखात्याकडे पाठव. चोर कोण ते सोबत लिही. तुटलेली बाजू गुहेतल्या बुंध्याशी जुळली की तो सुटेल."

मी धावत गेले. काकूच्या देखत दगड उचलला, उलटा केला. तळ आठवडेच्या आठवडे लिंबाच्या रसात बसलेला. तुटल्याच्या कडा, खाचा काही उरलं नव्हतं. वापरलेल्या साबणासारखा गुळगुळीत.

तरीही आम्ही दगड पाठवला. उत्तर आलं नाही.

पत्रक मी गणेशोत्सवात वाटलं, काका मंचावर बसलेले असताना. त्यांनी ते वाचलं, घडी करून खिशात घातलं, आणि त्यानंतर आमच्या घराची पायरी चढले नाहीत. न चढोत. मी त्यांना माफ केलेलं नाही.

पत्रकात टॉवेल होता, ते हसणं होतं. लिंबाचं मात्र मी गाळलं होतं. ते इथे लिहिते आहे.