स्वागताला आलेल्या मुली

सपना सुरवाडेने शहरातल्या स्टेडियमसाठी जेवढे उंबरे झिजवले, तेवढे स्वतःच्या नोकरीसाठीही झिजवले नसतील. मूळची वरणगावची. खो-खोत राज्याच्या संघापर्यंत गेली, पण भरती निघाली तोवर वय उलटून गेलं होतं. मग जळगावात एका शाळेत तासिकेवर खेळ शिकवायचा आणि संध्याकाळी जुन्या स्टेडियमच्या कोपऱ्यात गोरगरिबांच्या मुलींचा खो-खो घ्यायचा, हेच तिचं जगणं झालं. खडे वेचून, पाणी मारून मुलींनी तो कोपरा लोण्यासारखा मऊ केला होता.

बाकी सगळा आनंदच होता. दिवे बंद, पत्रे फुटलेले, कपडे बदलायला आडोसा नाही. नवा साहेब आला की सपना त्याच्या दारात उभी. पुढाऱ्यांच्या ओट्यावरही ती तासन्‌तास बसली. नवरा संघपाल म्हणायचा, आपल्याला कोण विचारतं? पण एके दिवशी स्टेडियमचं आधुनिकीकरण मंजूर झालं आणि सपनाने मुलींना पेढे वाटले.

काम सुरू झालं तसं मैदान बंद झालं. मुली असोद्याच्या रस्त्याला, कापूस निघालेल्या एका शेतात खेळू लागल्या. बऱ्याच गळाल्या. सोनल टिकली. अमळनेरकडून मजुरीला आलेल्या यशोदाबाईची ही लेक. तिने सूर मारला की समोरचा गडी सुटायचा नाही. ही पोर पुढे जाणार, असं सपना ज्याला त्याला सांगायची.

काम संपत आलं तेव्हा ती आत जाऊन आली. धावायला तांबडी पट्टी, रंगीत खुर्च्या, पाहुण्यांसाठी काचेचं दालन. तिच्या कोपऱ्यात सिमेंटचे ठोकळे बसवले होते. तिथे पार्किंग झालं होतं. क्रीडा कार्यालयातले साहेब म्हणाले, खो-खोला हॉलमध्ये मॅट आहे, संस्थेने अर्ज करून वेळ घ्यावी. सपनाकडे संस्था नव्हती, नुसत्या मुली होत्या. त्याच भेटीत साहेबांनी उद्घाटनाच्या स्वागताला त्या मुली मागितल्या. पाहुण्यांसमोर सामना होणार असेल तरच आणते, अशी अट तिने घातली. साहेब लगेच हो म्हणाले.

त्या दिवशी मुली खेळाच्या कपड्यांत, हातात फुलांची ताटं घेऊन उन्हात उभ्या राहिल्या. पाहुणे उशिरा आले, भाषणं लांबली आणि सामना कार्यक्रमातून गेला. साहेब जवळून जाताना थांबले.

"ताई, मुलींचा नाश्ता झाला ना?"

सपनाच्या मस्तकात तिडीक गेली. पाहुणे गाड्यांकडे येणारच होते. तिने मुलींना पार्किंगमध्ये नेलं, मोकळ्या जागेत ओळीने बसवलं, दोघींना खांब म्हणून उभं केलं.

"खेळा," ती म्हणाली. "बघू दे त्यांना."

लोक जमले, मोबाइल वर झाले. मुलींनाही चेव आला. सोनलने नेहमीसारखा सूर मारला. खाली माती नव्हती. गुडघा ठोकळ्यावर आपटल्याचा आवाज सपनाला शिट्टीच्या वरताण ऐकू आला.

साहेबांनी स्वतःची गाडी दिली. त्यांना नावं ठेवायलाही जागा उरली नाही. डॉक्टरांनी वाटी फुटल्याचं सांगितलं. पोरगी चालेल, पण खेळाचं विसरा, म्हणाले.

सपना घरी भेटायला गेली तेव्हा यशोदाबाईने चहा टाकला. सोनल भिंतीकडे तोंड करून पडली होती. सपना माफी मागू लागली, तसं यशोदाबाईने तिला अडवलं.

"तुना काय दोष शे माय? पण आते तिले खेळाले बोलावू नको."

त्या घरात सपना पुन्हा गेली नाही. बाकीच्या मुलींच्या आयांनीही एकेक करून पोरी काढून घेतल्या.

हिवाळ्यात नव्या हॉलमध्ये जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या. सपनाचा संघ नव्हता. पंच कमी पडले म्हणून तिला बोलावणं आलं, आणि ती गेली. भुसावळ, अमळनेरच्या मुली नव्या बुटांत मॅटवर छान खेळत होत्या. कोणी सूर मारला की सपना डोळे मिटून घ्यायची. दुपारी दुसऱ्या पंचाने आयोजकांकडे तक्रार केली की बाईंचं लक्ष नाही, आणि त्यांनी पुढच्या सामन्याला तिच्या जागी दुसरी बाई उभी केली.