दुसऱ्या खेळाडूचा चेंडू

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आले, हे आधीच कबूल करते. मी रायपूरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. भूत, संकेत, अंगात येणं... असलं कोणी सांगायला लागलं की मी तोंडावर म्हणायची, "आधी डॉक्टरला दाखवा." तेव्हा आता माझ्यावर कोणी हसलं तर माझी तक्रार नाही.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील रेल्वेत, म्हणून इकडे आलो आणि इथलेच झालो. घर पुरानी बस्तीत. मला एकच मोठा भाऊ, विनूदादा. लग्न नाही केलं त्याने. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी डबा घेऊन बीरगांवच्या कारखान्यात ड्युटीला म्हणून निघाला, तो तिथे पोचलाच नाही. पोलीस, पेपरात फोटो, आईच्या समाधानासाठी दोन-तीन बाबा-महाराजसुद्धा... सगळं करून झालं.

मागच्या वर्षी आईच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली. नागपूरला ऑपरेशन ठरलं, तारीख मिळाली, आणि आई अडून बसली.

"मले नाई जाचं. पोट्टा आला अन् घराले कुलूप दिसलं, तं कुठी जाईन तो?"

डॉक्टर म्हणत होते, फार थांबू नका. आमच्या गुरुजींनी सुचवलं, बारा वर्षं झाली, आता पालाशविधी करून टाका. हरवलेल्या माणसासाठी पळसाच्या देठांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मग त्या घराने वाट पाहायची नसते. आई गुरुजींना एवढंच म्हणाली, "जित्या पोराले जाळू काय?"

त्याच दिवसांत माझी मुलगी रुचा मला ओढून पिनबॉलच्या म्युझियममध्ये घेऊन गेली. माझा चेहरा बघून तिला कंटाळा आला असावा. तेलीबांधा तलावाच्या पुढे एका कॉम्प्लेक्समध्ये, पहिल्या मजल्यावर, कोण्या हौशी माणसाने तीसेक जुनी मशीनं मांडली होती. एकदा तिकीट काढलं की हवं तितकं खेळा. आता ते बंद झालंय. रविवार होता, दुपारचे तीन वाजले होते.

असलंच एक मशीन आमच्या लहानपणी स्टेशनजवळच्या गेम पार्लरमध्ये होतं. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर लोखंडी चेंडू, आणि खालच्या टोकाला दोन फ्लिपर. बाजूची बटणं दाबून फ्लिपरने चेंडू वर मारत राहायचा. मधून खाली गेला की गेला. दादा मला आधी खेळायला लावायचा, मग स्वतः. त्याचा हात इतका बसलेला की चेंडू खाली जायचाच नाही. पण शेवटच्या पाळीला तो चेंडू डाव्या फ्लिपरवर अडवून धरायचा, माझ्याकडे बघायचा आणि बोट हळूच सोडायचा. चेंडू घरंगळत मधून खाली... आणि बेबी जिंकली! बेबी म्हणजे मी. तो मुद्दाम हरतो हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तर रांगेतल्या शेवटच्या मशीनवर मी स्टार्टचं बटण दाबलं. एकदाच. एका खेळाडूसाठी एकदा, दोघांसाठी दोनदा, असं तिथे लिहिलेलंच होतं. माझा पहिला चेंडू लगेच गेला. आणि वर 'दोन' आकड्याचा, म्हणजे दुसऱ्या खेळाडूच्या पाळीचा दिवा लागला.

"मम्मा, आपने दो बार दबाया क्या?" रुचाने विचारलं.

मी नाही म्हणेपर्यंत चेंडू मारायचा दांडा हळूहळू बाहेर आला. थोडा थांबला. सुटला. त्याला मोटर नसते हो! साधी स्प्रिंग असते, हाताने ओढावी लागते. त्या स्प्रिंगची गणितं मी वर्षानुवर्षं फळ्यावर सोडवत आले आहे. मग फ्लिपर चालायला लागले. वेडेवाकडे नाहीत, अगदी मोजून-मापून. मी दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी होते. रुचाने व्हिडिओ काढला नाही... आजकालची मुलगी आणि व्हिडिओ काढत नाही, यावरून काय ते समजा.

माझी पाळी आली की मी खेळत होते. का, ते विचारू नका. तिसऱ्या, शेवटच्या पाळीला 'दोन'चे गुण माझ्या गुणांच्या अगदी जवळ आले, आणि चेंडू डाव्या फ्लिपरवर येऊन थांबला. तसाच राहिला. मग फ्लिपर हळूच खाली आला आणि चेंडू घरंगळत मधून गेला. मी जिंकले होते. मी तिथेच हुंदके देऊन रडले.

मशीनं सांभाळणारे साहूजी धावत आले. त्यांनी काच काढली, तारा तपासल्या, फ्लिपरच्या कॉइलला बोट लावलं.

"सब ठीक हे दीदी," ते म्हणाले. "बटन त कोनो दबाइस हे." कोणीतरी बटण दाबलंच आहे, असं त्यांचं म्हणणं.

घरी येऊन मी आईच्या पायाशी बसले आणि सांगितलं, "आई, दादा गेला. मले भेटून गेला."

"तू कधी देवाले हात नाई जोडत," आई म्हणाली. "तू म्हणून राहिली, तं खरंच असन."

आठ दिवसांनी, सोमवारी महादेव घाटावर विधी झाला. वडील आता नाहीत, म्हणून अग्नी मी दिला, साडेअकराच्या सुमारास. आई नागपूरला गेली, ऑपरेशन झालं, आज ठणठणीत आहे.

दोन महिन्यांनी पोलीस ठाण्यातून नंबर मिळवून एका आश्रमातून मला फोन आला. दूरच्या राज्यातला, बेवारशी रुग्णांचा आश्रम. डोक्याला मार लागलेला एक माणूस त्यांच्याकडे बरीच वर्षं होता. काही बोलायचा नाही. शेवटी तापात त्याला नाव आठवलं, पुरानी बस्ती आठवली. त्यांनी फोटो पाठवला. दाढी वाढलेली होती, तरी दादाच होता.

तो गेला त्याच, विधीच्या सोमवारी. दुपारी बाराच्या आत.

"आख़री दिनों में दोनों हाथ खाट की पट्टी पर रखते थे, उँगलियाँ दबाते रहते थे," फोनवरच्या बाई सांगत होत्या. "कहते थे, बेबी को बुला दो. ये बेबी कौन है, दीदी?"



म्हणजे त्या रविवारी दादा जिवंत होता. आठ दिवस होते माझ्या हातात! मग मशीनवर कोण खेळलं? जिवंत माणूस इतक्या लांबून कसा खेळेल? आणि घाटावरच्या अग्नीचा नि त्याच्या जाण्याचा काही संबंध आहे का? माझं फिजिक्स नाही म्हणतं. मी रात्रंदिवस तेच घोकते. पण तो मला बोलावत असेल, हे त्या दिवशी माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही, आणि याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नाही.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. परवा ती ओट्यावर शेजारणीला सांगत होती, "बारा वर्षं मी कोणाचं नाई ऐकलं. माह्या पोरीनं सांगतलं, म्हणून पोराले सोडलं."