मागच्या दोन ट्रॉल्या

कसबा बावड्याचा आकाराम साखर कारखान्याला ऊस ओढायचा. तीस हंगाम झाले, ट्रॅक्टरमागे भरलेल्या दोन ट्रॉल्या, पण कुणाच्या कुंपणाला कधी ओरखडा नाही. सगळी जोतिबाची कृपा, असं म्हणायचा. छाती मात्र स्वतःची फुगवायचा.

२००२ साली त्याची भाची स्नेहल अठराची झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं. बापानं अट घातली, “पहिल्या झटक्यात लायसन काढलंस तर स्कुटी आन् कॉलेज. न्हाय तर घरात बस.” मग शिकवायला मामाशिवाय कोण?

शेजारच्या शालूबाईंची स्कुटी मागून आणली. रोज पहाटे देवपूजा उरकून आकाराम मोकळ्या रानात उभा राहायचा. “वळताना आधी लांब जायाचं, पोरी. मागचं निघालं का बघायचं. मगच मुरडायचं.” पोरगी गुणाची, शब्द खाली पडू द्यायची नाही.

लायसनच्या परीक्षेला आरटीओच्या मैदानात पांढऱ्या फक्कीनं इंग्रजी आठ काढला होता. स्नेहल निघाली ती आठाबाहेर लांब गेली, मागं वळून बघितलं आणि सावकाश मुरडली. फक्की कुठल्या कुठं राहिली.

“काय बांधलंय मागं?” परीक्षा घेणारे साहेब ओरडले.

“दोन ट्रॉल्या,” ती खरं तेच बोलली.

मैदान हसलं. स्नेहलचे डोळे भरले. साहेबांनाही हसू आवरेना. “एक डाव आणखी घे. शेवटचा.”

“ट्रॉल्या सोड गं!” आकाराम कडेनं बोंबलला. “कारखान्यात खाली करून आलीयास असं समज!”

तिनं डोळे पुसले, ओठ घट्ट मिटले. या खेपेला गाडी आठातून सुईत दोरा ओवावा तशी फिरली.

सही करता करता साहेबांनी विचारलं, “शिकवलं कुणी?”

“म्या!” आकाराम पुढं झाला. “तीस हंगाम झालं, एक ओरखडा न्हाय.”

“तुमचं लायसन बघू, मामा.”

आकारामनं खिसा चाचपला. त्यात जोतिबाचा फोटो निघाला. तोच त्यानं श्रद्धेनं पुढं धरला.

साहेबांनी हात जोडले, फोटोला. “देवाचं लायसनशिवाय चालतं. तुमचं न्हाय. येताना गाडी कुणी आणली?”

आकारामनं गाडीची किल्ली स्नेहलच्या हातात दिली.

परत जाताना स्नेहल पुढं बसली आणि मामा मागं. कारखान्याच्या वळणावर तिनं गाडी मुद्दाम लांब घेतली.

“आता कशापायी?” आकाराम खेकसला.

“हलू नका, मामा. आज एक ट्रॉली हाय की मागं.”