बर्फ विरघळेपर्यंत गप्प बसा

वैजूताई आज सकाळी गेल्या, आणि आता राग कुणावर काढायचा ते सांगून गेल्या नाहीत.

मी रागीट माणूस आहे. सभेत मला माइक लागत नाही. आयुष्यभर अन्यायाविरुद्ध बोलत आलो, पुढेही बोलणार.

पण तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने, इराने, इथे कोलकात्यात, न्यू टाउनमधली चांगली नोकरी सोडली, आणि मी तिच्यावरही बोललो.
घरात. सभेत बोलतो तसा.

ती बॅग भरून निघून गेली. फोन घेईना.

बायकोने मला धरून वैजूताईंच्या ग्रुपमध्ये नेऊन बसवलं. ताई समुपदेशक. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीने कोलकात्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. राग, भीती, दुःख अंगावर आलं की त्या क्षणी काय करायचं, हे दर शनिवारी दहा-बारा जणांना शिकवायच्या.

त्यासाठी बर्फ लागायचा, आणि खोलीत फ्रिज नव्हता. बर्फ खालच्या मासेवाल्याकडून यायचा.

पहिल्या दिवशी ताईंनी बर्फाचा एक खडा माझ्या हातात ठेवला.
"मूठ मिटा. फक्त गार कुठे लागतंय तिकडे लक्ष द्या."

मी म्हणालो, राग ही समाजाची गरज आहे. इतिहासातली एकूण एक क्रांती... वगैरे.

थांबलो तेव्हा शेजारचे घोषबाबू, खिदिरपूरच्या गोदीतून रिटायर झालेले, माझ्या ओल्या पँटकडे बघत होते.
"दादा, बर्फ तो पिघल गया. भाषण अभी बाकी है क्या?"

सगळी खोली हसली. ताई सगळ्यांत मोठ्याने.

मग मला म्हणाल्या, "राग टाकून द्या असं मी म्हणतच नाहीये. पण तोंड केव्हा उघडायचं ते तुम्ही ठरवा. त्याला ठरवू देऊ नका."

आपण मुलांना वर्गमूळ शिकवतो आणि संताप आल्यावर काय करायचं ते शिकवत नाही. हा अन्याय आहे, आणि हे मी ओरडूनच सांगणार!

असो.

मी शाकाहारी. दर शनिवारी हाताला इलिश माशाचा वास. बायको दारातच साबण घेऊन उभी.

मग एका शनिवारी, ग्रुप चालू असतानाच, इराचा फोन आला.
मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी बर्फाचं भांडं पुढे सरकवलं.

"बाबा, तू माझं कधी ऐकूनच घेतलं नाहीस."

माझ्याकडे उत्तरं तयार होती. मुद्देसूद. मी मूठ आवळली. ती बोलत राहिली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"हॅलो? बाबा? आहेस ना?"
"आहे."
"मग बोलत का नाहीस?"
"हातात बर्फ आहे. मासेवाल्याचा."

मग ती हसली.
दुसऱ्या दिवशी जेवायला आली.

आज सकाळीही तिचाच फोन.
"बाबा, आधी फ्रिजमधून बर्फ घे. घेतलास? मूठ मिट. आता सांगते."

सांगितलं. मग ती काही बोलली नाही, आणि फोनही ठेवला नाही.
बर्फ विरघळेपर्यंत.

परवा शोकसभा आहे. घोषबाबूंनी हुकूम सोडलाय, "दादा, बोलेंगे आप. बर्फ मैं लाऊँगा."

ताई, एक खडा विरघळायच्या आत भाषण संपवतो. शब्द देतो.

तुम्हाला ओल्या हाताने नमस्कार.