धर्मशास्त्राचा एकुलता एक विद्यार्थी

आमचे मामा कॉलेजात सुतार होते, आणि त्याच कॉलेजात दरवर्षी नापासही होत होते. दोन्ही कामं एकाच पगारात.

त्याचं असं झालं. कॉलेज काढलं पाद्र्यांनी, पाद्री घडवायला. पुढे तिथे कायदा आला, वैद्यक आलं, शेवटी मॅनेजमेंट आलं आणि ऐसपैस पसरलं. धर्मशास्त्र सरकत सरकत जिन्याखालच्या खोलीत गेलं, रंगाच्या डब्यांशेजारी. पण जुन्या पाद्र्यांनी जागा देतानाच अट घालून ठेवली होती: धर्मशास्त्राला एक तरी विद्यार्थी हवा, नाहीतर जागा परत चर्चची. विद्यार्थी काही मिळेना, तेव्हा प्राचार्यांनी मामांना धरलं. मामा दर रविवारी चर्चमध्ये जायचे, तेवढी पात्रता पुरली.

पहिल्या वर्षी मामा अगदी प्रामाणिकपणे नापास झाले. मग मात्र त्यांना गोडी लागली. रंधा बाजूला ठेवून वाचत बसायचे. त्यांच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, एकच धोशा लावला होता, "डोळे मिटायच्या आत तुला त्या पदवीच्या काळ्या झग्यात बघू दे रे." आणि मामा आपले नापासच! एकदा पेपरात प्रश्न आला, कृपा म्हणजे काय? मामांनी लिहिलं, 'लायकी नसताना मिळते ती कृपा. माझं नेमकं उलटं चाललंय.' त्यालाही शून्य. मला आजही संताप येतो.

शेवटी मामा प्राचार्यांपुढे जाऊन उभे राहिले. "साहेब, आई थकलीय. यंदा तरी सोडा."

"अहो, तुम्ही पास झालात की वर्ग रिकामा! संस्था टिकली पाहिजे," प्राचार्य कळवळून म्हणाले.

घरी हे ऐकून मामी उसळल्या. "एवढंच ना? मग माझं नाव घाला."

मामा पास झाले. आजीने झगा हातांनी चाचपून पाहिला आणि पोटभर रडली. इथेच सगळं गोड व्हायचं, पण जुने परीक्षक निवृत्त झाले, आणि धर्मशास्त्राचा पदवीधर अख्ख्या आवारात एकच उरला.

मामींनी पेपर झकास लिहिला, असं खुद्द परीक्षकच सांगतात. निकालाच्या दिवशी मामी ठेवणीतल्या चपला घालून गेल्या. फलकावर एकच नाव होतं, पुढे नापास.

मामी घरी आल्या त्या थेट मामांपुढे उभ्या राहिल्या. "मला? आणि तुम्ही?"

"अगं," मामा कळवळून म्हणाले, "संस्था टिकली पाहिजे."